फ्रेंच शिकावें, पण कशासाठीं?

'मुलीस फ्रेंच शिकवावयाचें आहे, कोणता वर्ग बरा?' असा प्रश्न हल्लीं आमच्या राणीसावरगांवासारख्या गांवींहि कानीं येतो. जिज्ञासा स्तुत्य आहे. प्रश्नाचा क्रम मात्र उलटा आहे. विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हे चार अनुबंध ग्रंथारंभींच सांगण्याची आपल्या शास्त्रकारांची रीत आहे. त्यांतील प्रयोजन आधीं ठरवावें, वर्ग मागाहून निवडावा. एकत्र कुटुंबांत एकाची फी सर्वांच्या ताटांतून जाते, हें विसरून चालणार नाहीं.

पहिलें प्रयोजन ग्रंथवाचनाचें. मराठी भाषेच्या घडणीचा शास्त्रीय इतिहास ज्यूल ब्लॉक या पंडितानें १९२० च्या सुमारास लिहिला, तो फ्रेंच भाषेंत! वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो १९४१ सालीं मराठींत आणीपर्यंत आपल्याच भाषेचा हा वृत्तांत वाचण्यास आपणांस फ्रेंच यावें लागे. अशा वाचकास व्याकरण व कोश यांवर भर देणारा वर्ग पुरे. संस्कृत शिकलेल्यास लिंगवचनांचें व क्रियारूपांचें भय वाटूं नये.

दुसरें प्रयोजन उच्च शिक्षणाचें किंवा नोकरीचें. पुणें विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्यें भरतात. पॅरिसला १८८३ सालीं स्थापन झालेल्या आलियाँस फ्राँसेझच्या संस्था मुंबईस व पुण्यास आहेत. 'देल्फ' परीक्षेच्या ए-१ पासून बी-२ पर्यंत चार पायऱ्या असून त्यापुढें 'दाल्फ' येते. ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें या चारींची कसोटी तींत लागते आणि मिळालेलें प्रमाणपत्र आजन्म चालतें. खाजगी वर्गाच्या दाखल्यास ही किंमत नसते, म्हणून वर्ग कोणत्या परीक्षेची तयारी करवितो हें पैसे भरण्यापूर्वींच विचारावें.

तिसरें प्रयोजन कॅनडांत स्थायिक होण्याचें. तेथील 'एक्सप्रेस एंट्री' योजनेंत देल्फ चालत नाहीं. 'टेफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा' हीच परीक्षा लागते, आणि तिचा निकाल दोनच वर्षें ग्राह्य असतो. उत्साहाच्या भरांत ती फार आधीं दिली, तर अर्ज करण्याच्या वेळीं पुन्हां पैसे मोजावे लागतात.

आतां वर्ग पुण्यास कीं घरबसल्या? आंतरजालानें मराठवाड्यांतील मुलींची सोय झाली, यांत शंका नाहीं. परंतु आपल्या देवनागरीप्रमाणें फ्रेंचमध्यें लिहावें तसें बोलत नाहींत. 'पॅरिस' या नांवांतला शेवटचा सकार लिहितात, पण म्हणतात 'पारी'. म्हणून ज्यांस बोलावयाचें आहे त्यांनीं केवळ मुद्रित पाठांवर विसंबूं नये. वेदपाठाप्रमाणें येथेंहि चूक तत्क्षणीं सुधारणारा गुरु समोर हवा, मग तो पडद्यावर कां असेना. वर्गांत विद्यार्थी किती व प्रत्येकास बोलावयास किती वेळ मिळतो, हेंहि आधीं पाहावें.

वडीलधाऱ्यांनीं प्रथम मुलीसच विचारावें: 'वाचावयाचें आहे, शिकावयास जावयाचें आहे, कीं तेथेंच राहावयाचें आहे?' शेवटच्या प्रश्नाचें उत्तर जड जाईल. तें फी भरण्यापूर्वीं ऐकलेलें बरें.