निदानातील वर्गभेद

स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या शंभर रुग्णांपैकी निदानाच्या वेळी जेमतेम १५ ते २० जणांवर शस्त्रक्रिया शक्य असते. ते कोण, हे मुख्यतः सीटी स्कॅनवरून ठरते. पण स्कॅन-स्कॅनमध्येही अंतर असते, आणि ते अंतर रुग्णाच्या ऐपतीबरोबर वाढते.

या ग्रंथीला खेटूनच आतड्यांना रक्त पुरविणारी मोठी रोहिणी जाते. गाठीचा तिच्या परिघाला पडलेला वेढा निम्म्याहून अधिक असेल, तर थेट शस्त्रक्रिया सहसा होत नाही. तो निम्मा वा त्याहून कमी असेल, तर आधी केमोथेरपी देऊन पुन्हा पाहण्याची वाट मोकळी राहते. हा वेढा मोजायचा, तर शिरेतून काँट्रास्ट सोडल्यावर ४० ते ५० सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या सुमारास दुसऱ्यांदा, अगदी पातळ काप घ्यावे लागतात. एवढी शिस्त पाळली नाही, तर स्कॅन झाल्याची पावती तेवढी हाती राहते.

कावीळ झालेल्या शेतमजुराला घाईने आधी पित्तनलिकेत स्टेंट बसविला आणि मागाहून स्कॅन केला, की स्टेंटभोवतीच्या सुजेने नेमका पाहावयाचा भाग झाकोळतो. मग मोठ्या शहरातले रुग्णालय नवा स्कॅन मागते. सधन रुग्ण तो त्याच दिवशी करून घेतो. मजुराला पैसे उभे करण्यात आठवडे जातात. शस्त्रक्रियेपूर्वीचे चित्र चार आठवड्यांहून जुने नसावे, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. म्हणजे पैसे जमेपर्यंत तारीख टळली, की तिसरा स्कॅन!

सरकारचे उत्तर ठरलेले असते: यंत्रे बसविली. २०१५ च्या मोफत निदान सेवा उपक्रमात सीटी स्कॅनचा समावेश झाला, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु ठेकेदाराला दर स्कॅनमागे पैसे मिळत असतील, तर तो स्कॅनची संख्या पाहणार. काप किती पातळ होते, हे विचारणार कोण? सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के खर्च करण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता.

‘इतक्या घातक रोगासाठी एवढा खटाटोप कशाला?’ असा शहाजोग प्रश्न वातानुकूलित बैठकांतून विचारला जातो. तो विचारणारे स्वतःच्या घरात मात्र दुसरे मत घेतल्याशिवाय राहत नाहीत! उत्तम स्कॅनलाही यकृतावरचे वा उदरपटलावरचे बारीक कण हुकतात, हे खरे. म्हणून काही रुग्णांत दुर्बिणीने पोट तपासावे लागते. पण सदोष चित्रावर विसंबून गरिबाचे पोट व्यर्थ फाडणे, किंवा वाचू शकणाऱ्याला ‘घरी न्या’ म्हणणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

जिल्हा रुग्णालयातील स्कॅनच्या प्रत्येक करारात स्वादुपिंडासाठीची कार्यपद्धती लिहिलीच पाहिजे. प्रत्येक संशयित रुग्णाचे चित्र अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून पाहिले पाहिजे. आणि केवळ कागदी अहवाल वा चार फिल्म नव्हेत, तर प्रतिमांची संपूर्ण डिजिटल प्रत रुग्णाला विनामूल्य मिळाली पाहिजे. वेढा दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा मोजता येतो, तो त्या प्रतीवरूनच.