लॅटिनचा विध्यर्थ आणि परभणीचा विद्यार्थी

परभणीच्या न्यायालयात विरुद्ध पक्षाने परस्पर मनाई हुकूम मिळवू नये म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ अन्वये कॅव्हेट दाखल करणे ही वकीलवर्गाच्या नित्य परिपाठातील बाब आहे. आणि एखाद्यास बेकायदा अटकेत ठेवल्याची तक्रार जेव्हा औरंगाबादच्या खंडपीठापुढे जाते, तेव्हा तो अर्ज हेबियस कॉर्पसचा असतो. या दोन्ही लॅटिन संज्ञांच्या पोटात एकेक क्रियापद आहे, आणि व्याकरणाच्या परिभाषेत दोन्ही क्रियापदे एकाच अर्थाची, म्हणजे विध्यर्थाची आहेत: ‘कावेआत’ म्हणजे त्याने सावध असावे, ‘हाबेआस’ म्हणजे तू धारण करावेस. ज्यास इंग्रजी व्याकरणकार सब्जंक्टिव्ह म्हणतात, तो हा अर्थ आमच्या अदालतीत असा रोज उच्चारला जातो.

असे असता, कायद्याच्या वा इतिहासाच्या ओढीने लॅटिनकडे वळणारा आमचा विद्यार्थी याच प्रकरणापाशी हमखास अडखळतो, याचे कारण त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत आहे. ती पुस्तके इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजीत या अर्थाची स्वतंत्र रूपे जवळजवळ लोपली असल्यामुळे साहाय्यक शब्दांच्या कुबड्या घेऊन ती चालतात. माझे स्पष्ट मत असे की, परभणीच्या मुलाने लॅटिनचा हा भाग मराठीतून, संस्कृतातून आणि विशेषेकरून उर्दूतून शिकावा.

‘एदो उत वीवाम’ हे वाक्य घ्या. ‘जगावे म्हणून खातो’ असे मराठीत म्हणताच ‘उत’ला ‘म्हणून’ आणि ‘वीवाम’ला ‘जगावे’ आपोआप भेटतात. फरक इतकाच, की लॅटिनचे अव्यय गौणवाक्याच्या आरंभी बसते आणि आमचे अखेरीस. ‘सी वेनिस्सेत, विदिस्सेम’ याला तर ‘तो आला असता, तर मी त्याला पाहिले असते’ ही आमची संकेतार्थी घडण तंतोतंत लागू पडते, आणि अवर्षणाच्या साली ‘पाऊस पडला असता तर’ हा उद्गार ज्याने घरोघर ऐकला आहे, त्याला न घडलेल्या गोष्टीची वाक्यरचना निराळी समजावण्याचे प्रयोजन उरत नाही.

खरा कूटप्रश्न भीतिवाचक वाक्यांचा. ‘तिमेओ ने वेनिअत’ यात ‘ने’ हा निषेध असूनही अर्थ मात्र ‘तो येईल अशी मला भीती वाटते’ असा होतो. आणि ‘ने’ काढून ‘उत’ घातला की अर्थ उलटून ‘तो येणार नाही अशी भीती’ असा होतो. येथे भले भले विद्यार्थी हात टेकतात. परंतु १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात असलेल्या, जेथील दफ्तर आणि शाळा उर्दूत चालल्या, त्या या जिल्ह्याच्या बाजारात आजही कोणी सहज म्हणून जातो, ‘डर है कि कहीं गिर न जाए’. या ‘न’चा अर्थ पडण्याचा अभाव असा कोणीही करीत नाही. मूळची दोन वाक्ये होती, मनात भय आहे आणि ते न घडो अशी प्रार्थना आहे. ती दोन्ही कालांतराने एकमेकांस चिकटली. लॅटिनचे ‘ने’ नेमके असेच जन्मले. उर्दू वैयाकरण ज्यास मुजारे म्हणतात, ते ‘जाए’ हे रूप ज्याच्या जिभेवर खेळते, त्याला ‘वेनिअत’ परके कसे वाटावे?

हे साम्य सर्वस्वी योगायोगाचेही नव्हे. शाळेत संस्कृताचे विधिलिङ् घोकताना जे ‘स्यात्’ पाठ केले जाते, त्याचे आणि प्राचीन लॅटिनमधील ‘सिएत’चे मूळ एकच आहे. शिवाय युरोपी व्याकरणाच्या चौकटीत आमच्या प्रदेशातील भाषा बसवण्याचा उद्योग जुना आहे: फादर स्टीफन्सचे कोंकणीचे व्याकरण १६४० साली रायतूर येथे छापले गेले, आणि १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या दादोबा पांडुरंगांच्या मराठी व्याकरणावरही इंग्रजी व्याकरणाच्या पद्धतीची छाया आहे. युरोपीयांच्या चौकटीतून आमची भाषा पाहिली गेली. आमच्या भाषेतून त्यांची पाहण्याचे काम मात्र तसेच पडून राहिले.

मराठी जेथे साथ सोडते, ती स्थळेही शिक्षकाने प्रांजळपणे दाखवावीत. ‘इतका पाऊस झाला की दुधना नदीला पूर आला’ हे आम्ही घडलेली गोष्ट म्हणून स्वार्थात सांगतो. लॅटिन लेखक तेथेही विध्यर्थ योजतो. ‘तो कोठे आहे हे मला ठाऊक नाही’ यातील ‘आहे’ त्याच्या हाती ‘सित’ होते. आणि ‘तो विचारतो’च्या जागी ‘त्याने विचारले’ येताच आमचे गौणवाक्य जागचे हलत नाही, तर लॅटिनमध्ये ‘रोगात क्विद आगाम’चे ‘रोगावित क्विद आगेरेम’ होते; मुख्य क्रियापदाच्या काळाबरोबर गौण क्रियापदासही काळ बदलावा लागतो. पाठांतर व सराव यांचा सारा जोर या तीन प्रकरणांवर द्यावा, आणि ती उद्देश, संकेत व भीती यांची वाक्ये मुलाच्या तोंडी रुळल्यावरच हाती घ्यावीत.