घाम गळतो, पण पोट का गळत नाही?



नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून एका मुलाचे पत्र आले आहे. वय बावीस, उंची १६८ सेंटिमीटर. वनरक्षकाच्या भरतीची तयारी चालू आहे. गेले आठ महिने तो रोज संध्याकाळी मोटारसायकलने तालुक्याच्या गावी व्यायामशाळेत, आताच्या भाषेत जिममध्ये, जातो. दंड भरले, छाती रुंदावली, पण पोट होते तिथेच आहे. वजनाचा काटा ७८ किलोवरून हलत नाही. धावायला लागला की तिसऱ्या किलोमीटरला धाप लागते. जिममध्ये कुणीतरी चरबी जाळणारी पावडर सुचवली आहे, डबा साडेतीन हजारांचा. धानाचे पैसे हाती आले आहेत, त्यातून घ्यावी काय, असे तो विचारतो. शेवटी लिहितो, "बाबांना साखरेचा आजार आहे. त्यांचेही पोट असेच होते. हे आमच्या रक्तातच आहे काय?"

हे पत्र एकट्याचे नाही. भरतीची तयारी करणारी मुले-मुली आता गावोगाव आहेत. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर धावावे लागते, आणि लागलेल्या वेळेवर गुण मिळतात. पुढे चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १६ किलोमीटर चालण्याची कसोटी असते. पोटाचा भार घेऊन हे साधणे कठीण. म्हणून आजचे पान या प्रश्नासाठी.

पावडरीचे उत्तर आधी देऊन टाकतो. घेऊ नका. कारण पुढे येईलच.

जमा आणि खर्च

शेतकऱ्याच्या घरात हिशेब समजावून सांगायला नको. कणगीत धान पडत राहिले आणि काढले कमी, तर कणगी भरणारच. शरीराची कणगी म्हणजे चरबी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात. कॅलरी म्हणजे अन्नातली ताकद मोजायचे माप.

आता या मुलाचा खर्च पाहा. तासभर वजने उचलली, मध्ये मध्ये थांबला, गप्पा झाल्या, तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. बाहेर आला की दोन केळी, म्हशीचे ग्लासभर दूध आणि चार चमचे साखर घातलेला शेक. यात साडेचारशेच्या वर कॅलरी आल्या. सोबत एक समोसा, तो आणखी अडीचशेचा. तीनशे काढले आणि सातशे घातले. घाम खरा होता, पण कणगी रिकामी कशी होणार?

यावर कुणी म्हणेल, मग व्यायाम दुप्पट करतो. तिथेही शरीर चलाख आहे. आफ्रिकेतल्या टांझानिया देशात हाडझा नावाचे लोक आजही शिकार करून आणि कंदमुळे, मध गोळा करून जगतात. रोज मैलोगणती चालतात. हर्मन पाँझर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा कॅलरीचा खर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर तो खर्च शहरात खुर्चीवर बसणाऱ्या लोकांइतकाच निघाला! एका बाजूने खर्च वाढला की शरीर दुसऱ्या बाजूने हात आखडते. आपल्यालाही हे ठाऊक आहे. जिमहून आलेला मुलगा खाटेवर आडवा होतो आणि पाण्याचा तांब्यासुद्धा बहिणीला मागतो.

म्हणून व्यायाम वाया गेला असे मात्र नाही. हृदय, फुप्फुसे, स्नायू, हाडे, रक्तातली साखर या सगळ्यांना तो हवाच. पण पोट उतरवायचे काम मुख्यतः ताटाचे आहे.

पोटाची चरबी शेवटी का जाते?

पत्रात असेही आहे की तो रोज पोटाचे दोनशे व्यायाम मारतो. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यावरची चरबी तिथूनच निघत नाही. शरीर साऱ्या अंगातून चरबी काढते.

तुमच्या भागातले मामा तलाव आठवा. उन्हाळ्यात तलाव आटू लागला की आधी काठ उघडे पडतात, मग मधली उथळ जागा. सगळ्यात खोल जागी पाणी शेवटपर्यंत राहते. पुरुषांच्या अंगात ती खोल जागा बहुधा पोटाशी असते, बायकांच्या मांड्या-कमरेशी, आणि पाळी गेल्यानंतर त्यांच्याही पोटाशी. चेहरा उतरला, मनगट बारीक झाले, पण पोट तसेच, याचा अर्थ तलाव आटतो आहे. फक्त खोल जागा अजून आलेली नाही. पुष्कळ लोक नेमके इथेच कंटाळून सोडून देतात.

रक्तातच आहे काय?

काही अंशी आहे, आणि ते पुण्याजवळच्या खेड्यांतच दिसून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या शेतकरी कुटुंबांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावची बाळे जन्मतः सरासरी साडेतीन किलोची, आपली सुमारे २.७ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयवही लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचे.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन काढायचा जो आकडा असतो, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! त्यातले यडकिन धावणारे गृहस्थ, हेही खरे. तरी एवढ्यावरून एक गोष्ट कळते. नुसत्या वजनकाट्यावर विसंबून आपले भागत नाही. म्हणूनच आपल्याकडे बेताच्या वजनाच्या माणसालाही साखरेचा आजार होताना दिसतो.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की प्रवृत्ती वारशाने येते, पण आजार यायलाच हवा असे नाही. ज्याचे शेत सखल, त्याने धुरा आधी बांधायचा, इतकेच. वडिलांना साखर असेल तर मुलाने बावीसाव्या वर्षीच कंबर सांभाळावी.

सुतळीचे माप

काटा नसला तरी चालेल. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंची मोजा आणि तेवढी सुतळी कापा. मग ती बरोबर मध्ये दुमडा. ही दुमडलेली सुतळी बेंबीच्या पातळीवर, श्वास न ओढता, कमरेभोवती फिरली आणि टोके जुळली, तर ठीक. जुळली नाहीत, तर चरबी जास्त आहे. आपल्या मुलाला १६८ ची निम्मी, म्हणजे ८४ सेंटिमीटर पुरायला हवी. टेपाने मोजायचे तर भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. महिन्यातून एकदा मोजा आणि सुतळीवर गाठ मारा. व्यायामाने स्नायू वाढतात आणि चरबी घटते, तेव्हा काटा जागचा हलत नाही. सुतळी मात्र खरे सांगते.

ताटात काय बदलावे?

गोंदिया-भंडारा भाताचा मुलूख. भात सोडा असे आम्ही म्हणणार नाही, म्हटले तरी कुणी ऐकणार नाही. पण भात मोजा. शिजलेल्या भाताची एक वाटी सुमारे दोनशे कॅलरींची. एका बैठकीला चार वाट्या जात असतील तर दोन करा. रिकाम्या जागी घट्ट वरण, भिजवलेले हरभरे, अंडे किंवा तलावातले मासे आणि भरपूर भाजी घ्या. पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडी फुकट मिळते. सोबत ताक. दूध, डाळ, अंडी घरची असताना डब्यातली पावडर कशाला? नुसती प्रथिनांची पावडर असेल तर ती दुधाचीच महाग बहीण आहे. आणि चरबी जाळण्याच्या नावाने विकतात त्या काही पावडरींत आणि गोळ्यांत छाती धडधडवणारी औषधे किंवा स्टेरॉइड लपवून घातलेली सापडली आहेत. जिममध्ये कुणी सुई टोचायला सांगितली तर उलट पावली घरी या.

चहा मोजा. दोन चमचे साखर घातलेले पाच कप म्हणजे नुसत्या साखरेच्याच दोनशे कॅलरी. तेल मोजा. माणशी महिना अर्धा किलोच्या आसपास तेल पुरे. मोहाची असो की दुकानातली, दारूतही कॅलरी भरपूर, शिवाय सोबतचा चिवडा-भजी वेगळी.

झोपही मोजा. जंगलाच्या कडेला रानडुकरांपासून धान राखायला रात्र रात्र जागल करावी लागते, हे आम्हांला ठाऊक आहे. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती नेमकी गोड-तेलकटाची असते. घरात पाळ्या लावून घ्या. भरतीच्या मुलावर रोजची जागल टाकू नका.

रोज पाचशे कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरते. याहून घाई करू नये. उपाशी राहिले की चरबीबरोबर स्नायूही जातात. आठवड्यात तीन दिवस वजने, तीन दिवस धावणे, आणि रोज शेतावर पायी जाणे, असा बेत ठेवावा.

दोन शब्द आईसाठी

हे पान बहुधा आई वाचून दाखवील, म्हणून लिहितो. एका मुलाचे वेगळे ताट चालत नाही. भांडे सगळ्यांचे एकच असते. साखरेच्या आजाराच्या वडिलांना जे ताट हवे, तेच या मुलाला हवे आणि तुम्हांलाही. तेव्हा वेगळे पथ्य नको. साऱ्या घराने मिळून हे ताट बदलावे. "आज काहीच खाल्ले नाहीस" म्हणून चौथी वाटी वाढू नका. माया वाढायची तर भाजी वाढा. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेला भात टाकवत नाही म्हणून स्वतःच्या पोटात घालता, तेही थांबवा. उद्या तोच भात फोडणीचा होतो.

डॉक्टरकडे केव्हा?

तीन-चार महिने नीट पाळूनही सुतळीला गाठ पुढे सरकली नाही, मानेमागे कातडी काळी आणि जाड झाली, बाईची पाळी अनियमित असली, फार थकवा आणि थंडी वाजत असली, किंवा दम्यासाठी, सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी केंद्रांवर आहे.

आता राहिले ते साडेतीन हजार. त्यांतून धावायचे चांगले बूट घ्यावेत. मुलाची साखर तपासून घ्यावी. उरतील ते डाळीला आणि अंड्यांना लावावेत. आणि पुढच्या महिन्यात सुतळीवर पहिली गाठ पडली, की दोन ओळींचे पत्र टाकावे. नाही पडली, तरी टाकावे. तेव्हा हिशेब पुन्हा मांडू.