घर आमचं, नकाशा कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नव्या घराचा प्लॅन हातात आला. जुनं माळवदाचं घर गळायला लागलंय, म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेत नवीन बांधायचं ठरलं. मुलाने तालुक्याच्या गावातून प्लॅन करून आणला. चकचकीत कागद, रंगीत चित्र, चित्रात सोफा आणि कुंड्यासुद्धा. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. आमच्या जागेवर तो बाण चक्क पश्चिम दाखवत होता!

मी जन्मभर हायस्कूलात भूगोल शिकवला. बाकी काही कळो न कळो, उत्तर कुठे आहे ते मला कळतं. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. हाच प्लॅन वरच्या आळीत दोघांनी आधीच बांधलाय. फाईल तीच, फक्त मालकाचं नाव बदललेलं. त्या घरांची तोंडं उत्तरेला, आमचं पश्चिमेला. बाण फिरवायचा राहून गेला, इतकंच.

"आई, बाण चुकला म्हणून काय घर पडणार आहे का?" मुलगा म्हणाला.

पडणार नाही, पण भाजून निघेल. उत्तरेचा उजेड यावा म्हणून ठेवलेली ती भलीमोठी काचेची खिडकी आमच्याकडे थेट मावळतीला येत होती. माणचा एप्रिल-मे ज्याने काढलाय त्याला हे समजावून सांगायला नको. दुपारी तीननंतर त्या खोलीत कोण बसणार? आणि पश्चिमेच्या भिंतीने दिवसभर शोषलेलं ऊन रात्री कुणाच्या अंगावर टाकायचं?

मग बाकीचा प्लॅन नीट वाचला. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्या पाण्याची पिंपं कुठे ठेवायची? जागा नाही. शाळूची पोती? जागा नाही. वाळवण, सरपण, दारात आलेल्या माणसाला टेकायला सोपा? काहीच नाही. न्हाणीचं दार अडीच फुटी आणि आत उघडणारं. आमच्या घरात एक माणूस वॉकर घेऊन चालतं. ते आत पडलं तर दार उघडायचं कसं? हे पुण्यातल्या फ्लॅटचं घर होतं, माणात आणून ठेवलेलं.

वास्तू बघणाऱ्याला मात्र आधीच दाखवून झालं होतं. त्याच्या सांगण्यावरून संडास चार फूट सरकला. म्हणजे ज्याला त्या घरात एक रात्रही काढायची नाही, त्याच्या शब्दाला चार फूट, आणि जिला तिथे रोज भाकरी थापायची, तिला विचारायचंही नाही. माझी तक्रार आहे ती ही. घर ज्याने वापरायचं त्याने आखावं. निदान त्याला ते आखता यावं.

म्हणून मीच बसले. २००३ साली, एमएस-सीआयटी झाल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत हौसेने ऑटोकॅड शिकले होते. शेजारी आयटीआयची पोरं आणि मध्ये पन्नाशीच्या बाई! नंतर वीस वर्षं हात लावला नाही. आता बघते तर २०१६ पासून ऑटोकॅड कायमचं विकत मिळतच नाही, भाडं भरत राहायचं. मग नातीने लिब्रेकॅड उतरवून दिलं. ते मोफत आहे आणि सपाट नकाशा काढतं. मला तेवढंच हवं होतं.

पहिला आठवडा फजितीचा. मी फुटांत विचार करायची आणि सॉफ्टवेअर मिलिमीटरमध्ये. बारा फुटांची खोली म्हणून १२ टाकलं आणि मुंगीची खोली तयार झाली. हळूहळू बोटांना आठवत गेलं. नऊ इंची भिंत म्हणजे २३०, तीन फुटी दार म्हणजे ९००. भिंती एका लेअरवर, सामान दुसऱ्या, पाण्याचे पाइप तिसऱ्या. मग टेप घेऊन घरभर फिरले. पलंग, कपाट, पिंपाचा घेर, वॉकर वळायला लागणारी जागा, सगळं मोजून कागदावर खऱ्या मापाने मांडलं. आणि तेव्हा कळलं की ज्याला आपण 'मोठी खोली' म्हणत होतो, तिथे पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नाही. हे स्क्रीनवर कळलं तर रेघ पुसायची, स्लॅब पडल्यावर कळलं तर जन्मभर सोसायचं.

गच्चीचं गणितही केलं. १०० चौरस मीटर गच्ची आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५० हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४० हजार लिटर उरतं. दुष्काळी तालुक्यातल्या प्लॅनमध्ये त्यासाठी एक पाइप आणि एक टाकी असू नये?

आता लोक म्हणतात, "बाई, अर्ध्या ज्ञानाने घर पडेल." मान्य. पाया, कॉलम, सळई हे इंजिनिअरचं काम, त्यात मी बोट घालत नाही. १९६७ ला कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्याने सोसलाय. १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद याखालीच माणसं गाडली गेली. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असंही माझं म्हणणं नाही. पण किल्लारीचीच पुढची गोष्ट बघा. पुनर्वसनाच्या गावांत सरळ रेषेत एकसारखी घरं मिळाली आणि मग लोकांनी त्यांना आपल्या गरजेप्रमाणे पडव्या, ओटे जोडून घेतले. घर किती मजबूत हवं ते तज्ज्ञाने सांगावं. त्यात कसं राहायचं ते राहणारा सांगेल.

दुसरे म्हणतात, आता एआय मिनिटात प्लॅन देतो. देईल की! पण त्याला आधी सांगायला तर हवं की पिंपं किती आणि वॉकर कुणाचा. आपल्याला काय हवं ते आखता आखताच कळतं.

आणि ही मोठ्या घरांची चैन नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान माप स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर. ते लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार लादायचा नाही, असा नियम आहे. २५ मीटरात दार डावीकडे की उजवीकडे, यावर खाट मावते की नाही हे ठरतं. नकाशा वाचायची खरी गरज त्या बाईला आहे.

ज्याने तो प्लॅन दिला तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. रागावून गेले होते. तो ओशाळून म्हणाला, "बाई, सगळे असंच देतात." परतताना माझाच राग माझ्यावर उलटला. आफ्रिकेचा नकाशा गिरवून आणा, असं मीच त्याला सांगत होते ना? जो हुबेहूब गिरवेल त्याला पैकीच्या पैकी मार्क. तुझ्या घराचा नकाशा काढ, उत्तर कुठे आहे ते दाखव, असं एकदाही सांगितलं नाही. पोरगं शिकवलं तेच करतंय.

असो. माझा आराखडा इंजिनिअरने पाहिला. कॉलमसाठी न्हाणीची भिंत नऊ इंच सरकवायला लावली, ती मुकाट्याने सरकवली. मोठी खिडकी उत्तरेला गेली, पश्चिमेला पिंपांची पडवी आली, न्हाणीचं दार आता बाहेर उघडतं. दिवाळीनंतर पाया खणायचा आहे.

तुमच्याकडे बांधकाम निघालं असेल तर कॉम्प्युटर नसला तरी चालेल. चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट धरा आणि घरातल्या बाईच्या हातात टेप द्या. मात्र आधी दारात उभं राहून उत्तर कुठे आहे ते बघा.