वाचा-श्रवणाचे शिक्षक कोण? बिंदुनामावली उघडा!

३१ जानेवारी १९२० रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. ज्या समाजाची वाचा व्यवस्थेने बंद केली होती, त्या समाजाला त्यांनी तोंड दिले. आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, त्यांच्या बाबतीत मात्र 'मूक' हा शब्द अलंकार नाही. जन्मतः ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, अशी हजारो मुले आपल्या वस्त्यांत आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेले ५० लाखांवर आणि बोलण्याचे अपंगत्व असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले. त्याच जनगणनेनुसार एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के आहे. हा फरक नशिबाचा नाही. बाळंतपणात न मिळालेली वैद्यकीय मदत, कमी वजनाचे मूल, वर्षानुवर्षे वाहणारा आणि उपचार न झालेला कान, कारखान्यातला गोंगाट, ही सगळी गरिबीची देणगी आहे.

या मुलांवर उपचार करणारे तज्ज्ञ म्हणजे श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ, रूढ भाषेत ऑडिऑलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने त्यांना पुनर्वसन व्यावसायिकांचा दर्जा दिला आणि परिषदेकडे नोंदणी नसलेल्याला हा व्यवसाय करण्यास मनाई केली. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी, त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे, पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि मग पीएच.डी. अशी ही वाट आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. नंतर विद्यापीठे आणि खासगी संस्थांनीही हे अभ्यासक्रम सुरू केले. उपचार कसे होतात यावर अधूनमधून लिहिले जाते. उपचार करणाऱ्यांना शिकवतो कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही तोच प्रश्न विचारत आहोत.

या विभागांतील अध्यापकांची पार्श्वभूमी पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. येथे एकाच विषयाचे लोक शिकवत नाहीत. कोणी श्रवणशास्त्राचा, कोणी वाचा-भाषा विकारांचा, कोणी भाषाशास्त्राचा, कोणी चिकित्सा मानसशास्त्राचा. कानाची रचना आणि रोग शिकवायला कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो, श्रवणयंत्राची तांत्रिक बाजू समजवायला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस लागतो, कर्णबधिर मुलांच्या शाळेचा अनुभव असलेला विशेष शिक्षकही लागतो. हे योग्यच आहे. हा विषयच मुळी अनेक व्यवसायांच्या मिश्रणातून जन्मला. अमेरिकेत १९२५ मध्ये या व्यवसायाची संघटना उभी राहिली तेव्हा तिच्यात वक्तृत्वाचे शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून श्रवणशास्त्र वाढले आणि त्याची विद्यापीठीय घडी बसवणारे रेमंड कारहार्ट हे मूळचे वाचाविज्ञानाचे होते. म्हणजे अनेक व्यवसायांचे लोक एकत्र येणे हे या विद्येचे बळ आहे.

परंतु हेच बळ आपल्याकडे आरक्षण गिळण्याचे साधन कसे बनते, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे.

समजा, एका विभागात अध्यापकांच्या सहा जागा आहेत. श्रवणशास्त्राच्या दोन, वाचाविकारांच्या दोन, भाषाशास्त्राची एक, मानसशास्त्राची एक. आता विभाग हाच आरक्षणाचा घटक मानला, तर तेरा बिंदूंची नामावली लागते. तिच्यात इतर मागासवर्गाचा बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा, म्हणजे तेरा बिंदूंच्या बाहेरच! सहा जागांच्या विभागात सातवा बिंदू येणार कधी? त्याहून पुढे जाऊन प्रत्येक विषय वेगळा संवर्ग मानला, तर कोठे दोन, तर कोठे एकच पद उरते. एकाकी पदाला आरक्षण लागू करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. म्हणजे जितके विषय अधिक, तितके तुकडे अधिक आणि जितके तुकडे अधिक, तितके आरक्षण कमी. भारतीय संविधानाच्या कलम १६(४) ला हात न लावता ते निष्प्रभ करण्याची ही हातचलाखी आहे. ज्या छोट्या, बहुविषयक विभागांकडे कोणाचे लक्ष नसते, तेथे ती सर्वांत सोपी जाते.

हा डाव काही नवा नाही. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरावा असा निकाल दिला. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्रक काढले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपील फेटाळले. देशभरचे बहुजन प्राध्यापक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे मार्च २०१९ मध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि त्याच वर्षी संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायदा संमत केला. हा कायदा आपल्या लढ्याचे फळ आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

या कायद्यातील दोन तरतुदी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात. पहिली, सरळसेवा भरतीतील आरक्षणासाठी संपूर्ण संस्था हा एकच घटक समजायचा. दुसरी अधिक महत्त्वाची. शिक्षक संवर्ग म्हणजे त्या संस्थेतील समान वेतनश्रेणीच्या सर्व शिक्षकांचा वर्ग, मग त्यांची ज्ञानशाखा किंवा विद्याशाखा कोणतीही असो. अर्थ स्पष्ट आहे. श्रवणशास्त्राचा सहायक प्राध्यापक आणि भाषाशास्त्राचा सहायक प्राध्यापक हे बिंदुनामावलीसाठी एकाच रांगेत उभे आहेत. कोणाची पदवी कोणत्या विषयाची, यावरून आता रांगेचे तुकडे पाडता येत नाहीत. केंद्र सरकारने सोसायटी नोंदणी कायद्याखाली काढलेल्या शिक्षणसंस्थाही या कायद्याच्या व्याख्येत येतात. सूट आहे ती परिशिष्टात नावे दिलेल्या मोजक्या संशोधन संस्थांना आणि अल्पसंख्याक संस्थांना. परिशिष्टात नाव नसेल, तर 'आमची संस्था खास दर्जाची आहे' ही सबब चालणार नाही.

कायदा झाला म्हणून पळवाटा बंद झाल्या असे मात्र कोणी समजू नये. आमच्या वकिलीच्या टेबलावर आलेले एक प्रकरण सांगतो. समाजातील एक मुलगी श्रवणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन, परिषदेची नोंदणी करून अध्यापकपदाच्या जाहिराती पाहत होती. एका संस्थेची जाहिरात आली. विषयवार एकेक पद आणि प्रत्येकापुढे 'खुला'. तिने विचारणा केली, तेव्हा 'पद एकच असल्याने आरक्षण नाही' असे ठरीव उत्तर मिळाले. आम्ही माहितीच्या अधिकारात बिंदुनामावली मागवली, तेव्हा सर्व विषयांची एकत्रित नामावली तयारच केली नव्हती हे उघड झाले. तोवर अर्जाची मुदत संपून गेली होती. ही मुलगी आज एका खासगी दुकानात श्रवणयंत्रे विकते. तिची विद्या कमी पडली नाही, कागद वेळेवर मागणारे आपण कमी पडलो.

दुसरी पळवाट म्हणजे आरक्षित बिंदू नेमका अशा विषयावर टाकायचा, जेथे उमेदवार मिळणे कठीण आहे. मग दोन-तीन वेळा जाहिरात द्यायची आणि 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा मारून अनुशेष वाढवत राहायचे. तिसरी पळवाट तासिका तत्त्वाची. मंजूर पद रिकामे ठेवायचे आणि तेच काम मानधनावरच्या अभ्यागतांकडून करून घ्यायचे. हा अभ्यागत कोण, तर साहेबांच्या ओळखीचा. तेथे ना जाहिरात, ना बिंदू.

आता प्रस्थापितांचा नेहमीचा प्रश्न येईल. उपचार शिकवणारा गुणवान असावा, त्याची जात कशाला पाहता? आमचे उत्तर असे की या विद्येत गुणवत्तेचा अर्थच भाषेशी बांधलेला आहे. चित्र दाखवून मुलाकडून शब्द म्हणवून घ्यायचा आणि उच्चार तपासायचा, ही वाचा-तपासणीची साधी रीत. वऱ्हाडातले मूल डोळ्याचे चित्र पाहून 'डोया' म्हणेल, पाण्याला 'पानी' म्हणेल. हा विकार आहे काय? नाही. त्याची आई, आजी, अख्खे गाव तसेच बोलते. पण तेच मूल 'काका' ऐवजी 'ताता' म्हणत असेल आणि त्याचे वय पुढे सरकले असेल, तर तेथे उपचाराची गरज आहे, कारण महाराष्ट्रातील कोणत्याही बोलीत काकाला ताता म्हणत नाहीत. बोली कोणती आणि विकार कोणता, हा भेद ज्याला कळतो तो खरा तज्ज्ञ. हा भेद पुस्तकातून अर्धा कळतो, अर्धा माणसांत वावरून कळतो. ज्यांच्या घरात 'पानी' म्हणणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या अडाणी ठरवले गेले, त्यांच्याच हाती हा विषय शिकवण्याची मक्तेदारी राहिली, तर निरोगी मुलावर विकाराचा शिक्का बसेल. उलट खरोखर विकार असलेल्या मुलाला 'झोपडपट्टीत असेच बोलतात' म्हणून परत पाठवले जाईल. दोन्हीकडून मार आपल्याच लेकरांना.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी ही लढाई आपल्याआधी लढली आहे. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे मार्टिन लूथर किंग यांच्या नावाच्या प्राथमिक शाळेतील गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली. मुलांची घरची बोली समजून न घेता शाळा त्यांना मंद किंवा अपंग ठरवते, ही त्यांची तक्रार होती. १९७९ मध्ये न्यायमूर्ती जॉयनर यांनी निकाल दिला की मुलांच्या घरच्या भाषेची दखल न घेणे ही शाळा मंडळाची चूक आहे. त्यांनी उपाय काय सांगितला, हे पाहण्यासारखे आहे. मुले बदला असे त्यांनी म्हटले नाही. शिक्षकांना त्या बोलीचे ज्ञान द्या, असे म्हटले. त्याच्या एक वर्ष आधी, १९७८ मध्ये, कृष्णवर्णीय वाचा-श्रवण तज्ज्ञांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली होती. हॉवर्ड विद्यापीठाचे ऑर्लंडो टेलर यांच्यासारखे त्यांचे प्राध्यापक हा प्रश्न सतत मांडत होते. पुढे १९८३ मध्ये तेथील मुख्य व्यावसायिक संघटनेने जाहीर केले की इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाचाविकार नाही. त्या समाजाचे लोक अध्यापकाच्या खुर्चीत होते, म्हणून हा प्रश्न विद्येच्या आत शिरला. बाहेर उभे राहून तो कितीही ओरडला असता तरी अभ्यासक्रमात आला नसता.

आणखी एक पार्श्वभूमी या विभागांत असायला हवी. स्वतः कर्णबधिर असलेला अध्यापक! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांत ४ टक्के आरक्षण दिले, त्यातील १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा आहे. ज्याने आयुष्य सांकेतिक भाषेत काढले, त्याला त्या भाषेबद्दल शिकवण्याचा हक्क नाही, हे कोणते शास्त्र? येथे आम्हाला स्वतःच्या चळवळीलाही दोन शब्द सुनावायचे आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपले कर्णबधिर बांधवही येतात. आपल्या किती व्यासपीठांवर त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा असतो? बुद्धांनी धम्म लोकांच्या भाषेत सांगितला हे आपण अभिमानाने सांगतो. मग या लोकांची भाषा कोणती, हे आपण कधी विचारले?

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. आपली मुले वर्गात बसवून ते थांबले नाहीत. वर्गात कोण शिकवणार याचा विचार त्यांनी केला. आपण मात्र प्रवेशाच्या आरक्षणासाठी जेवढे भांडलो, तेवढे अध्यापकाच्या खुर्चीसाठी भांडलो नाही.

म्हणून आता करायचे काय? वाचा-श्रवण अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि अनुदानित संस्थेकडे माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा. मंजूर पदे किती, भरलेली किती, संवर्गवार एकत्रित बिंदुनामावली कोठे आहे आणि तासिका तत्त्वावर कोण काम करते. जाहिरात निघाल्यावर पळापळ करण्यात अर्थ नाही, नामावली आधी तपासली पाहिजे. दुसरे, बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींना डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा दाखवू नका. ही तिसरी वाटही दाखवा. पदवीवर थांबू देऊ नका. पीएच.डी. करा, बार्टीच्या अधिछात्रवृत्तीचा लाभ घ्या. 'उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा खोटा ठरवायला दारात उमेदवार उभा असावा लागतो. तिसरे, आपल्या वकिलांनी अशा एका जाहिरातीला तरी मुदतीच्या आत आव्हान द्यावे. कायद्याचे कलम आपल्या बाजूने आहे, ते वापरणारा हात हवा.

एखाद्या वस्तीतील आई आपले न बोलणारे लेकरू घेऊन इस्पितळाच्या बाकावर बसते, तेव्हा समोरच्या तज्ज्ञाला तिची बोली कळली पाहिजे. त्या तज्ज्ञाला घडवणाऱ्या खुर्चीवर आपला माणूस बसेपर्यंत ही लढाई संपलेली नाही.

जयभीम!