कार्यशाळा सुटल्यावर काय?

इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे ‘हेवी लोड’ नावाचा एक पंक बँड होता. त्यातले काही वादक बौद्धिक अक्षमता असलेले. श्रोत्यांतही तशी मंडळी बरीच असायची. ती मनसोक्त नाचायची आणि नऊच्या सुमाराला निघून जायची. सोबतच्या मदतनिसांची पाळी दहाला संपत असल्यामुळे त्याआधी सगळ्यांना घरी पोचवावं लागे. बँडने याविरुद्ध ‘स्टे अप लेट’ ही मोहीम उघडली. पुढे त्यातूनच ‘गिग बडीज’ हा उपक्रम सुरू झाला. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ व्यक्ती आणि तिच्याच आवडीनिवडीचा स्वयंसेवक अशी जोडी जमवायची आणि दोघांनी मिळून कार्यक्रमाला जायचं, एवढी साधी ही कल्पना.

आपल्याकडे विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. नशीब असेल तर पुढे कार्यशाळेत जागा मिळते. तिथे पणत्या रंगवायच्या, कागदी पिशव्या चिकटवायच्या, राख्या ओवायच्या. संध्याकाळी गाडी दारात सोडते, मग टीव्ही, जेवण आणि झोप. पस्तिशीच्या माणसाचा सगळा गोतावळा म्हणजे आईबाबा, कार्यशाळेतल्या ताई आणि गाडीवाले काका. शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसणाऱ्या मित्राच्या घरी तो एकदाही गेलेला नसतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचे कागद होतात, बँकेचं खातं मार्गी लागतं. पण आईबाबांच्या माघारी त्याच्याशी गप्पा मारायला कोण येणार, याची तजवीज कुणीच करत नाही.

मुलांना बाहेर मिसळू द्यायची पालकांना भीती वाटते आणि ती खोटी नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाची आकडेवारी तपासून तिथल्या ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ने २०१८ मध्ये दाखवून दिलं, की बौद्धिक अक्षमता असलेल्यांवर लैंगिक अत्याचार होण्याचं प्रमाण इतरांच्या सात पट आहे. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो. म्हणजे माणसाला घरात ठेवून धोका टळत नाही. उलट, स्वतःच्या शरीराबद्दल काहीच न शिकवलेल्या माणसाला झालेला प्रकार सांगायला शब्दही सापडत नाहीत.

महाराष्ट्राने या भीतीवर एक भयंकर उत्तर शोधलं होतं. १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण दिलं गेलं. त्या वेळी राज्यभर संताप उसळला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आता संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई केली आहे आणि प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. ही माहिती या मुलामुलींना सोप्या भाषेत समजावून सांगणारे वर्ग मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

शिकवता येतं, हे नक्की. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात तयार झालेला ‘सर्कल्स’ अभ्यासक्रम त्यासाठी रंगीत वर्तुळं वापरतो. मधलं जांभळं वर्तुळ म्हणजे ‘मी’. भोवती मिठी मारावी अशा जिवलगांचं निळं, पुढे हिरवं, मग हात मिळवण्यापुरत्या ओळखीचं पिवळं, लांबून हात हलवण्याचं नारिंगी आणि अनोळखी माणसांचं लाल. आपल्या वर्तुळात कुणाला येऊ द्यायचं हे आपण ठरवायचं, आणि कुणी फार जवळ आलं तर ‘थांब’ म्हणायचं. समोरच्याने ‘थांब’ म्हटलं तर आपणही थांबायचं. हे तोंडी सांगून भागत नाही, पुनःपुन्हा करून घ्यावं लागतं. लिफ्टमधल्या अनोळखी बाईला मिठी मारणाऱ्या तरुणावर ओरडण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

कार्यशाळेतले दोघे एकमेकांचा हात धरून बसले, की त्यांना दोन टोकांना बसवलं जातं. हे थांबायला हवं. दोघेही सज्ञान आहेत. त्यांना काय वाटतं हे आधी विचारावं आणि मग दोन्ही घरांनी एकत्र बसून बोलावं.

महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत, गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत. ‘गिग बडीज’सारख्या जोड्या इथेही जमवता येतील. स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी आणि थोडं प्रशिक्षण व्हायलाच हवं. त्याने निदान वर्षभर टिकावं, कारण दोन भेटींनंतर गायब होणारा मित्र फार लागतो. आणि नाटकाला जायचं की क्रिकेटच्या सामन्याला, हे दोघांनी मिळून ठरवावं.