ओहोटीच्या वाटेवर

सहलीची तारीख आमच्या घरात सहसा शाळेच्या सुट्टीवरून ठरते. या वेळी ती चांदावरून ठरली. जामनगरजवळचे नरारा बेट पाहायचे, तर समुद्र ओसरलेला हवा. आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वात लांब मागे जाते. दिवाळीच्या सुट्टीत नवा चांद दिसला आणि दुसऱ्या तारखेला आम्ही तेथे पोहोचायचे ठरवले. दादी म्हणाल्या, "चांद ईदेसाठी बघतात, तुम्ही खेकड्यांसाठी बघता!"

मुंबईहून सौराष्ट्र मेलने जामनगर. तिथून नरारा सुमारे साठ किलोमीटर. फजरची नमाज पढून गाडीत बसलो. कच्छच्या आखातातले हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. 1980 मध्ये अभयारण्य झाले आणि 1982 मध्ये त्यातल्या गाभ्याच्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. यात लहानमोठी 42 बेटे आहेत. बहुतेक ठिकाणी होडीशिवाय जाता येत नाही. नराऱ्याला मात्र ओहोटीत पायी चालत समुद्राच्या तळावर उतरता येते.

तिवरांची झाडे मागे टाकून घोटाभर पाण्यातून चाललो. बूट घालूनच चालावे लागते, दगड धारदार असतात. वाटाड्याने एक गोल, वळ्या-वळ्यांचा दगड दाखवला. थोरला म्हणाला, "हा तर मेंदू!" तो दगड नव्हता, प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे बारीक जिवांची वसाहत. ते जीव आपल्या भोवती चुन्याचे घर बांधतात, तेही वर्षाला काही मिलिमीटर इतक्या सावकाश. वर्गात 'प्रवाळ हा प्राणी आहे' हे वाक्य आम्ही कितीदा सांगितले असेल. पण पटले ते त्या दिवशी.

पुढे समुद्रफुले, समुद्रकाकडी, रंग बदलून खडकाला चिकटलेला ऑक्टोपस. मग वाटाड्याने डबक्यातून केंड मासा उचलला. मासा चेंडूसारखा फुगला. मुलांनी टाळ्या पिटल्या. आम्हीही मोबाइल काढला आणि "अजून एक, इकडे बघा" असे म्हणालो.

धाकटीने विचारले, "अब्बा, तो हसतोय का?"

केंड भ्याल्यावर फुगतो. पाण्यात तो पाणी गिळून फुगतो. पाण्याबाहेर काढला तर हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणे त्याला फार जड जाते. हे आम्हाला माहीत होते, तरी फोटो घेतले. आम्ही मुलीला खरे ते सांगितले. ती वाटाड्याला म्हणाली, "काका, सोडा ना त्याला." त्यांनी सोडला. त्या माणसाला तरी काय म्हणावे? पर्यटक मागतात, तो दाखवतो. त्या दिवशीचे मागणारे आम्हीच होतो.

त्यानंतर चालण्याची तऱ्हा बदलली. दगड उलटा केला तर पुन्हा जसाच्या तसा ठेवायचा. खाली चिकटलेले जीव आणि अंडी उन्हात वाळून मरतात. पाय प्रवाळावर नाही, वाळूत टाकायचा. थोरल्याने खिशातून एक शंख काढला. आत लहानसा खेकडा होता, ते त्याचे घर. शंख होता त्या जागी गेला. राष्ट्रीय उद्यानातून काहीच नेता येत नाही. प्रवाळ आणि समुद्रकाकड्यांना तर 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तुकडा नेणेही गुन्हा आहे. पण थोरल्याने शंख कायद्याच्या भीतीने ठेवला नाही. त्याने आत डोकावून पाहिले होते.

वाटाड्याने हाक मारली, पाणी फिरले होते. परतताना आमच्या पायांचे ठसे मागे भरत गेले.

घरी आल्यावर दादींनी विचारले, "पोरांनी काय आणले?" धाकटीने रिकामे हात पुढे केले. केंडाचे फोटो आम्ही कोणालाच पाठवले नाहीत. खोडूनही टाकले नाहीत. वर्गात सागरी जीवांचा धडा आला की मुलांना दाखवू, आणि तो फुगला का तेही सांगू.